तहकूब झाल्याने

ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर दोन कागद शेजारी शेजारी लावलेले होते. पहिला नेहमीचा. सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की दि. 26 जानेवारी रोजी सकाळी 11 वाजता मंदिराच्या सभामंडपात ग्रामसभा आयोजित केली आहे, तरी सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. खाली नऊ विषय, आणि शेवटचा ठरलेला: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. दुसरा कागद त्याच प्रिंटरमधून निघालेला. दोन्हींच्या डाव्या कडेला शाई पुसट झालेला एकसारखा उभा पट्टा होता. त्यावर मजकूर असा: दि. 26 जानेवारी रोजीची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाल्याने सदर सभा दि. 30 जानेवारी रोजी त्याच ठिकाणी व त्याच वेळी घेण्यात येईल. तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता असणार नाही. जावक क्रमांक पहिल्या कागदाच्या लगेच पुढचा. खाली सही, गोल शिक्का आणि तारीख. तारीख 18 जानेवारी.

अठरा तारखेच्या कागदात सव्वीस तारखेची सभा तहकूब 'झाली' होती.

फळ्यासमोर माणसं येत-जात होती. एकाला नमुना 8 चा उतारा हवा होता, एकीला रहिवासी दाखला, एक म्हातारे गृहस्थ घरकुलाच्या यादीत बोट फिरवत स्वतःचं नाव शोधत होते. त्या दोन कागदांतली विसंगती कुणाच्या नजरेत भरली नाही, किंवा भरली असली तरी ती विसंगती आहे असं कुणाला वाटलं नाही. आत संगणकावर बसलेल्या मुलाला विचारलं तर त्याने अगदी सरळ उत्तर दिलं. शंभर माणूस कधी जमतच नाही, मग चार दिवसांनी परत कागद काढायचा, परत चिकटवायचा, त्यापेक्षा एकदमच काढतो. बोलण्यात लबाडी नव्हती. पावसाळ्यात छत्री घेऊन निघावं तितक्या सहजपणे त्याने ते सांगितलं. पण ते 'झाल्याने' डोक्यातून जाईना. ज्या सभेला अजून आठ दिवस होते, तिच्यात लोक येणार नाहीत हे गावाच्या वतीने आधीच लिहून, सही करून, शिक्का मारून ठेवलेलं होतं.

नियमाचा हिशेब पाहायला हवा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला हवी असलेली किमान हजेरी, ही गावाच्या मतदारयादीतल्या एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. पाचशे मतदारांच्या गावात 75 माणसं लागतात. 667 मतदारांच्या पुढे गाव कितीही मोठं झालं तरी आकडा शंभरावरच थांबतो. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात वीस जणांमागे एक, पाच हजारांच्या गावात पन्नास जणांमागे एक, आणि तालुक्याला खेटून वाढलेल्या दहा हजार मतदारांच्या गावात शंभरांमागे एक माणूस आला की गाव जमलं असं कायदा धरतो. इतका सोपा आकडा, आणि तोही भरत नाही. भरला नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला आकड्याचीच अट नाही. सात माणसं असोत की सतरा, ठराव पक्का. ही सवलत कुणी वाईट हेतूने ठेवलेली नाही. सभा भरू न देणं हे विरोधकांच्या हातातलं हत्यार होऊ नये, गावाचं काम अडू नये, एवढाच त्यामागचा विचार असणार. बऱ्याच संस्थांच्या नियमांत अशी तरतूद असते. फरक इतकाच, की सोसायटीच्या वार्षिक सभेत जे अधूनमधून घडतं, ते इथे कित्येक गावांत पुन्हा पुन्हा घडतं, आणि अपवादासाठी ठेवलेलं दार हाच रोजचा रस्ता होऊन बसतो.

सभा घेतलीच नाही तर मात्र कायदा कडक आहे. आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्यायच्या. सबळ कारण नसताना एखादी चुकली तर सरपंचाचं पद जाऊ शकतं आणि ग्रामसेवकावर कारवाई होऊ शकते. त्यामुळे सभा न घेण्याची हिंमत कुणी करत नाही. सभा रिकामी राहिली तर मात्र कुणाचं काहीच जात नाही. शिक्षा सभा न होण्याला आहे, ती ओस पडण्याला नाही. मग सगळ्यांची धडपड साहजिकच सभा 'झाली' असं कागदावर येण्यासाठी चालते. त्या धडपडीतून दोन कागद एकाच दिवशी छापले जातात.

आता या चार सभांच्या तारखा पाहा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. राष्ट्राच्या कॅलेंडरमध्ये या तारखा मानाच्या आहेत, शेतीच्या कॅलेंडरमध्ये मात्र त्या अवघड जागी येतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात-विदर्भात सोयाबीन काढणीला आलेलं असतं, वर आभाळ भरून येत असतं, आणि एक दिवस थांबलं तर शेंगा भिजून दाणे डागी होतात. पंधरा ऑगस्टला उघडीप मिळाली की खुरपणी आणि फवारणी. एक मेला ऊन डोक्यावर आणि लग्नांच्या पंगती. सव्वीस जानेवारीला हवा छान असते, पण बीडसारख्या जिल्ह्यातल्या कित्येक तांड्यांवर आणि वस्त्यांवर तेव्हा फक्त म्हातारी माणसं आणि काही लेकरं असतात. धडधाकट माणसं दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असतात ती उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची जुळवाजुळव ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चालते. पाण्याच्या टाकीपासून सगळ्यांत लांब राहणारी माणसं नेमकी त्याच काळात गावात नसतात. त्यांची नावं मतदारयादीत असतात आणि गणपूर्तीच्या हिशेबात ती अनुपस्थित म्हणून धरली जातात.

आणि सकाळी अकराची वेळ. रोजंदारीवर जाणारी बाई आठला घरातून निघते. अकराच्या सभेला येणं म्हणजे तिला अख्खा रोज मोडणं. नोकरदाराला झेंडावंदनाची सुट्टी असते, त्याची वाट अडत नाही. म्हणून सभामंडपात जे दिसतात त्यांचे कपडे पाहूनच कळतं की आज कुणाला वेळ परवडला.

पण त्या दुसऱ्या कागदाचं खरं कारण यापेक्षाही साधं होतं.

त्या गावच्या ग्रामसेवकाकडे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या सचिवाकडे, दोन ग्रामपंचायतींचा कारभार होता. पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी असं झालंय, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात आणि समोर आले की 'भाऊसाहेब'. एका गावाची नेमणूक, दुसऱ्याचा अतिरिक्त पदभार. काही ठिकाणी तिसऱ्याचाही असतो. ग्रामसभेचं कामकाज नोंदवायचं, मागचं इतिवृत्त वाचायचं, जमाखर्च सांगायचा, ही सगळी सचिवाची कामं. आणि दोन्ही गावांत ग्रामसभेची तारीख तीच, सव्वीस जानेवारी. प्रथा तशी, वरून येणारी पत्रंही तशीच. सकाळी अकरा वाजता एक माणूस दोन सभामंडपांत बसू शकत नाही. तेव्हा एका गावाची सभा त्या दिवशी घ्यायची आणि दुसऱ्या गावाची तहकूब करून चार दिवसांनी घ्यायची, हे वेळापत्रकच होतं. गणपूर्ती झाली नाही हे कारण कागदावर शोभणारं. सरकारने रिक्त पद भरलं नाही, आणि त्याचा ठपका फळ्यावर गावाच्या उदासीनतेवर आला. हे कळल्यावर त्या माणसावरचा राग ओसरतो, पण मन हलकं होत नाही. कारण समजा त्या दिवशी सभामंडपात खरोखरच शंभरावर दहा माणसं येऊन बसली असती, तर त्यांना कोण काय सांगणार होतं? लोक येतच नाहीत अशी तक्रार सगळे करतात. लोक आलेच तर त्यांच्यासाठी तयारी आहे का, हे फार थोडे विचारतात.

तहकूब सभा कशी चालते तेही जवळून पाहण्यासारखं आहे. सभामंडपात सतरंजी अंथरलेली. समोर टेबल, टेबलावर हिरवट कापड, स्टीलचा जग, लाल पुठ्ठ्याचं प्रोसिडिंग बुक आणि वेगळं हजेरी रजिस्टर. सतरंजीवर पंधरा-वीस माणसं, त्यांतले निम्मे सदस्य आणि त्यांचे नातलग. खरी गर्दी बाहेर, पारावर आणि गाड्यांवर एक पाय टेकवून. ऐकायला येतं एवढ्या अंतरावर, पण आत यायचं नाही, कारण आत आलं की सही करावी लागते आणि सही केली की कुणाच्या बाजूने हा प्रश्न उभा राहतो. हजेरी रजिस्टर सुरुवातीलाच फिरवतात. मग मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे: एका दमात, पंख्याच्या घरघरीत, दोन मिनिटांत. मग विषय. बोलणाऱ्या चार-पाच जणांचे आवाज चढतात, नळाच्या पाण्यावरून, गटारीवरून, अमक्याच्या अतिक्रमणावरून. चहा येतो. सभा संपते. प्रोसिडिंग बुकात मात्र अजून एक ओळही लिहिलेली नसते. ते नंतर, कार्यालयात बसून, वेळ मिळेल तसं.

सगळं बिघडतं ते इथे. ठरावाची ठरलेली भाषा असते: सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर. खाली सूचक, अनुमोदक. ज्याने उभं राहून तावातावाने विरोध केला, त्याचं नाव कुठेच नसतं. उलट हजेरी रजिस्टरात त्याची सही असते, म्हणजे 'सर्वानुमते'मधल्या सर्वांमध्ये तोही आला. विरोध करायला गेलेला माणूस कागदावर संमती देऊन परततो. त्याहून वाईट म्हणजे दोन ठरावांमध्ये सोडलेली कोरी जागा. पान भरलं, तळाशी चार-पाच ओळींची जागा राहिली, पुढचा ठराव नव्या पानावर सुरू केला. दिसायला टापटीप. पण ती जागा महिनाभराने भरता येते, आणि भरलेली ओळ त्या सभेचीच मानली जाते. ऐनवेळच्या विषयात आलेला एखादा ना-हरकत ठराव, एखाद्या मुरूम खाणीचा, टॉवरचा, गायरानातल्या एखाद्या जागेचा, असाच पानाच्या तळाशी बसलेला सापडतो. अक्षर जरा बारीक, ओळी जरा दाटलेल्या. सराव असलेल्या नजरेला ते लगेच कळतं.

म्हणून ज्यांना ग्रामसभा खरोखर वापरायची आहे ती माणसं भाषणापेक्षा कागदाला जपतात. आपला विषय ते सभेच्या दिवशी तोंडी मांडत नाहीत. नोटीस निघण्याच्या आधीच लेखी अर्ज देऊन तो विषयपत्रिकेवर घ्या म्हणतात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारखेसह पोच घेतात. विरोध असेल तर तोही सभेतच लेखी देतात, आणि माझा विरोध नावानिशी नोंदवा असा आग्रह धरतात. सभा संपण्यापूर्वी ठराव जागेवर लिहून वाचून दाखवा, मग आम्ही उठतो, एवढं एक वाक्य पाच-सहा जण मिळून म्हणाले तर कोऱ्या जागेचा प्रश्न बराचसा मिटतो. नंतर प्रमाणित नकलेचा अर्ज. नाही मिळाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, पानाला 2 रुपये. मागताना 'ग्रामसभेची माहिती द्यावी' असं मोघम लिहिलं की मोघम उत्तर येतं. अमुक तारखेच्या सभेच्या इतिवृत्ताची आणि त्याच सभेच्या हजेरी रजिस्टरची पृष्ठांकनासह छायांकित प्रत असं लिहावं लागतं. दोन्ही प्रती एकत्र ठेवल्या की कधीकधी आश्चर्यकारक गोष्टी दिसतात. सूचक म्हणून ज्याचं नाव आहे त्याची हजेरीत सहीच नसते. अलीकडे सभेतल्या निर्णयांची दोन ते पंधरा मिनिटांची चित्रफीत 'जीएस निर्णय' या अ‍ॅपवर चढवायची सोयही झाली आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण पंधरा मिनिटांची फीत दोन तासांच्या सभेची जागा घेत नाही, आणि मोबाईल कुणाच्या हातात आहे यावर कॅमेरा कुठे वळतो हे ठरतं.

हे सगळं इतकं जपायचं कशासाठी, असं वाटणं शक्य आहे. ग्रामसभेपुढे असतं तरी काय? पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात राज्याला आलेल्या ग्रामीण निधीतला 80 टक्के वाटा थेट ग्रामपंचायतीचा होता. पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा टक्के. 2021-22 पासून त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा, आणि 40 टक्के अबंधित, गावाने आपल्या गरजेनुसार ठरवायचा, फक्त पगार-आस्थापनेवर नाही. हा पैसा खर्ची पडतो तो 'आमचं गाव आमचा विकास' आराखड्यातून, आणि आराखडा मंजूर करते ग्रामसभा. आराखड्यात नसलेलं काम पोर्टलवर चढत नाही. चढलं नाही तर त्याचं बिल निघत नाही. पैसे सोडताना ग्रामसेवकाची आणि सरपंचाची अशा दोन डिजिटल सह्या लागतात, पेनड्राइव्हसारख्या दोन छोट्या डोंगलमध्ये असलेल्या. सरपंच बाई असेल तर तिचा डोंगल कुणाच्या खिशात आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे कोणत्या गल्लीत पेव्हर ब्लॉक आणि कोणत्या वस्तीत चिखल, हे तिसाव्या तारखेच्या त्या पंधरा-वीस माणसांच्या सभेत ठरतं. वैयक्तिक लाभाच्या योजनांचे लाभार्थी निवडायचे ते ग्रामसभेनेच. घरकुलाच्या 'प्रपत्र ड' यादीतलं नाव वगळायचं तर कारण ग्रामसभेपुढे यायला हवं. सपाट भागात घरकुलाला मिळणारे 1 लाख 20 हजार रुपये ज्याच्यासाठी उभ्या जन्मातली सगळ्यांत मोठी रक्कम आहे, तो म्हातारा त्या दिवशी फळ्यावर ज्या यादीत बोट फिरवत होता, तिच्यातलं आपलं नाव कुठल्या सभेत कुणी 'अपात्र' म्हणून वाचलं हे त्याला कधी कळणारच नव्हतं. दुसरा कागद त्याच्या बोटापासून वीतभर अंतरावर होता.

याच राज्यात, याच गावांत, मोजणीचा एक दुसराही नियम आहे, आणि तो या नियमाशेजारी ठेवला की वाचणाऱ्याला थबकायला होतं. दारूचं दुकान बंद करायचं मतदान. 2008 च्या आदेशानुसार आधी गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, त्या सह्या अधिकाऱ्यांनी पडताळायच्या, मग गुप्त मतदान: उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. आडव्या बाटलीला किती मतं हवीत? मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हेत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली लेक, मुंबई-पुण्याला कामाला असलेली सून, वारलेली पण यादीतून नाव न निघालेली आजी, या सगळ्या दुकानाच्या बाजूने मोजल्या जातात. म्हणून अशा मतदानाआधी बायका घरोघरी मतदारयादी घेऊन फिरतात, गेलेल्यांची नावं कमी करायचे अर्ज भरतात, परगावच्या लेकींना निरोप धाडतात. आलेल्यांमध्ये प्रचंड बहुमत मिळूनही थोडक्या मतांनी बाटली उभी राहिल्याची उदाहरणं आहेत. बायकांना दारूचं दुकान हटवायचं असेल तर न आलेल्या प्रत्येकीचा हिशेब द्यावा लागतो. गावाचा वर्षाचा पैसा वाटायचा असेल तर न आलेल्या कुणाचाच द्यावा लागत नाही. दोन्ही नियम वेगवेगळ्या खात्यांचे, वेगवेगळ्या काळातले, हे मान्य. पण गैरहजर माणसाची किंमत एका ठिकाणी एवढी जड आणि दुसऱ्या ठिकाणी शून्य का, याचं समाधानकारक उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

थेट सरपंचाचा वाद आठवा. 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, 2020 मध्ये ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांतून, 2022 मध्ये पुन्हा जनतेतून. मुंबईत सरकार बदललं की गावातला सरपंच कसा निवडायचा हे बदलतं. पण त्या घालमेलीत एक चांगली गोष्ट आली: थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश मतांनी अविश्वास आणला तरी तो पुरेसा नाही, विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने गावाने त्यावर शिक्कामोर्तब करायचं. त्या दिवशी ग्रामसभेला रांग लागते. ऊन असो, सुगी असो, पुण्याहून गाड्या भरून माणसं येतात. तेव्हा गावाला ग्रामसभेत रस नाही हे म्हणणं खोटं ठरतं. आपल्या येण्याने काही फरक पडणार आहे अशी खात्री असली की गाव येतं.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव इथे टाळता येत नाही. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सगळ्यांना पाठ आहे. त्या गावचे नेते देवाजी तोफा यांचं नावही. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. पण मला त्यांचं वेगळेपण जंगलापेक्षा सभेच्या एका रीतीत दिसतं. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो, पुन्हा बोलायचं, पुन्हा अभ्यास करायचा. तेही एक प्रकारचं तहकूब करणंच आहे. मेंढ्यात सहमती झाली नाही तर निर्णय थांबतो. आपल्या फळ्यावरच्या कागदात माणसं आली नाहीत तर माणसांची अट थांबते, निर्णय पुढे जातो. लहान, एकजिनसी गावात हे जमतं, पाच हजारांच्या गावात भावकी-भावकीत वैर असताना कसं जमणार, ही शंका खरी आहे. सर्वसहमती सगळीकडे लादावी असं कुणीच म्हणणार नाही. पण वनहक्काच्या नियमांत ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. ज्या गावांना हक्क हवा आहे ती गावं ही अट पुरी करतात. वाड्या-पाड्यांवरून चालत येऊन करतात.

महिलांचा विषय निघालाच आहे तर महिला सभेविषयी थोडंसं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असा कायदा आहे, आणि ग्रामपंचायतींत निम्म्या जागा महिलांना 2011 पासून राखीव आहेत. बऱ्याच ठिकाणी ही सभा म्हणजे बचत गटाच्या बैठकीत फिरवलेलं रजिस्टर. जिथे ती मनापासून होते तिथे मात्र विषयच बदलतात. पुरुषांच्या सभेत कमान आणि सभामंडप, बायकांच्या सभेत पाणी सुटायची वेळ, शाळेच्या वाटेवरचा बंद दिवा, दवाखान्यात न येणारी नर्स. सभा एक, गाव एक, पण कुणाचं दुखणं आधी हे बसणाऱ्यांवर ठरतं.

माझं मत स्पष्ट आहे. आराखडा, लाभार्थी निवड आणि गावाच्या जमिनीविषयीचे ना-हरकत ठराव, एवढे तीन विषय तरी तहकूब सभेत गणपूर्तीशिवाय मंजूर होऊ नयेत. मूळ आकड्याच्या निम्मी अट ठेवा, पन्नास माणसं म्हणा, पण अट ठेवा. याला येणारं उत्तर मला माहीत आहे आणि ते पोकळ नाही: गावं स्थलांतराने रिकामी झाली आहेत, मुदतीत खर्च न झालेला निधी परत जाऊ शकतो, गटबाजीत एका गटाने ठरवून बहिष्कार टाकला तर रस्त्याचं काम वर्षभर अडेल. खरं आहे. अडेलही. एखाद्या गावाचं एक वर्ष वाया जाईल. मला ते वर्ष त्या कोऱ्या जागेपेक्षा कमी महाग वाटतं, पण जिथे उन्हाळ्यात टँकर येतो तिथल्या बाईला तसं वाटेल का, हे मी तिच्या वतीने ठरवू शकत नाही. गट ग्रामपंचायतीत, म्हणजे अनेक गावं-वाड्या मिळून असलेल्या ग्रामपंचायतीत, दर वेळी मोठ्याच गावात सभा न घेता आळीपाळीने वाड्यांवर घेतली, वेळ अकराऐवजी संध्याकाळी सातची ठेवली, सुगी संपल्यावर आणि कोयते परतल्यावर एक जादा सभा घेतली, तर कदाचित कायद्याला हातही लावावा लागणार नाही. आणि दोन गावांच्या सभा एकाच माणसाच्या डोक्यावर एकाच तारखेला न देणं हे तर एका साध्या पत्राने होण्यासारखं आहे.

सव्वीस जानेवारीला सकाळी आठ वाजता त्या गावात झेंडावंदन झालं. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, पताका वाऱ्याने फडफडत होत्या. पोरं रांगांत उभी, मागे त्यांच्या आया, कडेला टोपी घातलेले आजोबा, नवे शर्ट घातलेली तरुण पोरं, अंगणवाडी ताई, आशा ताई, सरपंच, सदस्य, पोलीस पाटील, झाडून सगळे. पोरांना सोडून नुसती मोठी माणसं मोजली तरी दोनशेच्या वर सहज. ग्रामसेवकही होते, त्या गावचा झेंडा आटोपून ते साडेआठला मोटारसायकलवरून दुसऱ्या गावी निघाले. राष्ट्रगीत झालं, भाषणं झाली, कवायत झाली, पोरांच्या हातात जिलेबीचे कागद आले. मग आया पोरांना घेऊन फाटकाकडे वळल्या, टोप्या पाराकडे गेल्या, कुणी ट्रॅक्टर चालू केला. पावणेनऊपर्यंत मैदानावर शाळेचे शिपाई आणि दोन मुलं उरली होती, खुर्च्या एकात एक घालत. अकरा वाजता सभामंडपाला कुलूप होतं, आणि फळ्यावरचा दुसरा कागद त्या दिवशी पहिल्यांदा खरा ठरला.